त्या हवालदाराला कलम 240 कुठलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बडतर्फ हवालदाराच्या प्रकरणावरचा लेख वाचला. लेखकमहाशय निवृत्त अधिकारी आहेत, त्यांच्या अनुभवाला नमस्कार. पण '1935 च्या भारत सरकार कायद्यातल्या कलम 240 मुळं म्हणणं मांडायची संधी होती, ती यानं घेतली नाही' हे त्यांनी कशाच्या जोरावर लिहिलं? त्याच कायद्यात पुढं 243 आहे. पोलिसातल्या खालच्या लोकांच्या नोकरीच्या अटी त्या कलमानं ज्या त्या पोलीस कायद्यावर सोडून दिल्या. 240 पोलिसातल्या खालच्या लोकांना नव्हतंच. हवालदाराला कसली संधी!

शिवाय संस्थान आणि खालसा (म्हणजे थेट इंग्रजांचा मुलूख) यांची लेखात सरळ खिचडी केलीय. 1 मार्च 1949 पर्यंत कोल्हापूर संस्थान होतं, इथला शिपाई दरबारचा. मुंबई सरकारचा 1890 चा जिल्हा पोलीस कायदा चालायचा तो खालसात.

हे मला तोंडपाठ आहे, कारण माझे आजोबा मंगळवार पेठेतले असून नोकरीला खालसात होते, सातारा जिल्ह्यात. प्रतिसरकारचे दिवस. कोठडीतल्या एका पोराला त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी दिली आणि पहाटे ते पोरगं पसार. चौकशी झाली म्हणे! साक्षीदार एकच, ज्याच्या कमरेला किल्ली होती तो जमादार. आजोबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. टाइप केलेल्या कागदाखाली त्यांनी मोडीत सही केली. तो कागद आमच्या ट्रंकेत आहे. सहीच्या शेवटी टाक टेकून राहिल्याचा वाटाण्याएवढा डाग आहे. वर काय लिहिलंय ते पुढं वडील मॅट्रिक झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं: गुन्हा कबूल, काही सांगायचं नाही.

आजोबा म्हणाले, "मला तर वाटलं बक्कल जमा केल्याची पावती आहे."

तेव्हा 'म्हणणं मांडलं नाही' हा शेरा बघून फेरविचार केला म्हणणाऱ्यांनी तो शेरा कुणाच्या हातचा आणि सही कुठल्या लिपीत, एवढं तरी बघावं. पेन्शन बसल्यावर असं लिहायला सोपं जातं.

आपला,
एक जुना वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. लेखासोबतच्या फोटोखाली 'जुना राजवाडा' छापलंय. घड्याळाचा मनोरा नव्या राजवाड्याला आहे. पेपर कोल्हापुरातच छापता ना?