पांढरं फडकं बघून धान्य पोचलं

संपादक साहेब, नमस्कार.

कोरोनातल्या मदतीबद्दल बोलताना मलेशियातली ‘बेंडेरा पुतिह’ म्हणजे पांढऱ्या झेंड्याची मोहीम कुणाला आठवत नाही म्हणून लिहितोय. 2021 च्या 1 जूनला तिथे कडक लॉकडाऊन लागला, हातावर पोट असणाऱ्यांची कामं गेली आणि महिनाअखेरीला सोशल मीडियावर आवाहन फिरलं की घरात खायला नसेल तर दाराबाहेर पांढरा झेंडा लावा, कुणापुढे हात पसरू नका. झेंडा कुठून आणणार, लोकांनी जुना टीशर्ट, फडकं, जे पांढरं हाताला लागलं ते खिडकीला बांधलं आणि शेजारीपाजारी, दुकानदार, अगदी अनोळखी माणसंसुद्धा तांदूळ, अंडी, तेल घेऊन दाराशी आली.

सरकारी मदत नव्हती असं नाही, पण फॉर्म भरा, पात्रता बघा, मग वाट बघा, पोरं उपाशी असताना कसं जमणार? केडा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तर या झेंड्यांना राजकीय प्रचार म्हटलं, हे वाचून खरंच संताप आला. चूल पेटत नाही हे चारचौघांत सांगायला किती धीर लागतो! त्या शेजाऱ्यांनी कागदपत्रं मागितली नाहीत, हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. यावर सविस्तर लेख छापावा ही विनंती.

- एक वाचक