स्टुटगार्टहून पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर नुसतं 'ताप आहे' म्हणाले, कारण खरं कळलं असतं तर बाबा पासपोर्ट शोधत बसले असते. आता मी बरी आहे. काल न थांबता जिना चढले. म्हणून सगळं लिहिते, अण्णाकाकांकडून भलतंसलतं ऐकायला नको.

आधी न्यूमोनिया झाला. त्याचेच जंतू, न्यूमोकॉकस, हृदयाभोवतीच्या पिशवीत शिरले आणि तिथे पू झाला. अँटिबायोटिक आल्यापासून असं क्वचितच होतं, त्यामुळे मला बघायला शिकाऊ डॉक्टरांची रांग! त्या पिशवीत एरवीही 50 मिलीपर्यंत पाणी असतं. पण भराभर साचलं तर 150-200 मिलीसुद्धा पुरे. पिशवी एवढ्या घाईत ताणत नाही, हृदयावर दाब येतो, त्यात रक्त भरत नाही आणि बीपी कोसळतं. सोनोग्राफीत बघत छातीच्या हाडाखालून सुई घातली. निघालं ते मुगाच्या कढणासारखं. मग काही दिवस नळी होती. नर्स रोज बाटलीवर पेनाने रेघ मारून वेळ लिहायची, आणि मी दोन रेघांमधलं अंतर बघत पडायचे.

टीबी नाही, हे अण्णाकाकांना सांगा. मी भारतातली म्हटल्यावर तीच तपासणी आधी केली, आपल्याकडे हे बहुधा त्यानेच होतं ना.

आणि आई, थंडी बाधली नाही गं. खिडकीचं सांगितलं तेव्हापासून तू तेच धरून बसलीयेस. इथे बर्फ पडत असला तरी दिवसातून दोन-तीनदा खिडक्या उघडतातच. फट नाही, सताड! हीटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं कुडकुडायचं, मग सगळं लावून घ्यायचं. नाहीतर भिंतींना बुरशी धरते. कित्येकदा भाडेकरारातच लिहिलेलं असतं. दवाखान्यातसुद्धा मला दुलईत गुंडाळून खिडकी उघडायचे. पण जंतू तिथून आले नाहीत, शप्पथ.

दवाखान्याचे रोजचे 10 युरो भरले, बाकी विम्याने दिलं. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, पुढे विम्याकडून साधारण 70 टक्के. म्हणून हप्त्याला यंदा कमी पाठवलेत. बाबांनी एफडी मोडू नये, मी भरून काढते.

साताऱ्याच्या स्थळाला सगळं सांगा. पिशवी जाड होऊन हृदयाला आवळत नाही ना, हे बघायला अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागेल, तेही सांगा. नको म्हणाले तर म्हणू देत.

दिवाळीला येणं जमेलसं दिसत नाही, तपासणी नेमकी त्याच आठवड्यात आलीये. फराळ पाठवत बसू नका, उगाच खर्च. पाठवलाच तर चकल्या जास्त घाला.

तुमची,
मनू