मोफत मुदत संपली की सेवा थांबावी, खात्यातून पैसे जायला लागू नयेत : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. ॲप आणि वेबसाइटवर ग्राहकाला गंडवणाऱ्या तेरा तऱ्हा त्यात नावानिशी दिल्या आहेत. त्यातली एक ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीचा सापळा. रद्द करण्याची सोय लपवून ठेवणं, ती किचकट करणं हे त्यात आहेच. शिवाय आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. फुकट सेवा हवी असेल तर आधी पैसे भरण्याचा तपशील द्या किंवा ऑटो डेबिटला, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला, मंजुरी द्या, अशी सक्ती ग्राहकावर करणं, हाही त्याच सापळ्यात मोडतं. मोफत मुदत संपून सेवा सशुल्क झाली तरी ग्राहकाला न कळवणं, हे याच यादीत ‘सास बिलिंग’ (सास म्हणजे वर्गणीवर मिळणारी सॉफ्टवेअर सेवा) या नावाखाली येतं.

म्हणजे नियम आहे, आणि चांगला आहे. तरीही आज कुठलंही ॲप उघडा, ‘सात दिवस मोफत’ या बटणाच्या पुढचा पडदा कार्डाचा नाहीतर यूपीआयचा असतो. ज्याला सरकारने सापळा म्हटलं, तोच दुकानाचा मुख्य दरवाजा होऊन बसला आहे. हे पत्र त्यासाठी आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्ती आणि रिचार्जचं दुकान चालवतो. फुटलेली काच बदलायला लोक येतात, तसेच आता ‘पैसे कट झालेत, जरा बघता का’ म्हणूनही येतात. यात पेन्शनवर जगणारे गुरुजी असतात, दूध घालायला आलेले शेतकरी असतात, कॉलेजची पोरं असतात. कुणी भविष्य सांगणारं ॲप घेतलेलं असतं, कुणी दोन-दोन मिनिटांच्या मालिका दाखवणारं, कुणी नोकरी मिळवून देतो म्हणणारं. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचा फोन मात्र मी तुम्हाला उघडूनच दाखवतो, कारण सगळी तऱ्हा त्यात आहे.

ताईंची मुलगी दहावीला. रील बघता बघता जाहिरात आली, एका रुपयात सात दिवस इंग्रजी बोलायला शिका. ‘१ रुपया’ हे ठळक आणि मोठं, हिरव्या बटणाच्या डोक्यावर. बटणाच्या खाली फिकट राखाडी अक्षरांत, इंग्रजीत, मुदतीनंतरची रक्कम आणि ‘कधीही रद्द करा’. ती ओळ वाचायला मलाच फोन डोळ्यांजवळ न्यावा लागला. ताईंनी बटण दाबलं, यूपीआयचा पडदा आला, पिन टाकला. एक रुपया गेल्याचा मेसेज आला. पाव सेर भाजीही जिथे एका रुपयात येत नाही, तिथे एका रुपयाचं काय! मुलीने दोन दिवस ॲप बघितलं, आवडलं नाही, काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात खात्यातून ४९९ रुपये गेले.

‘मी तर एकच रुपया भरला होता ना दादा? आणि ॲप तर काढून पण टाकलंय.’

ॲप काढून टाकलं की मंजुरीही गेली, असं दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण समजतो. तसं समजण्यात त्याची चूक नाही. भाड्याची सायकल परत केली की भाडं थांबतं, हे त्याला माहीत आहे. पण ऑटोपेची मंजुरी त्या ॲपमध्ये नसतेच. ती यूपीआयच्या ॲपमध्ये, प्रोफाइलच्या आत, ऑटोपे नावाच्या कप्प्यात असते. मी तो कप्पा उघडून दिला. तिथे कमाल रक्कम हजारांत लिहिलेली होती आणि मंजुरीची शेवटची तारीख कित्येक वर्षं पुढची. ताई ती तारीख बघत राहिल्या. ‘हे मी कधी केलं?’ मंजुरी रद्द करून दिली. गेलेले ४९९ काही आले नाहीत. कंपनीला ईमेल केला, तर आमच्या अटींनुसार परतावा मिळत नाही, असं छापील उत्तर आलं.

आता यामागची यंत्रणा सांगतो, कारण दुरुस्ती तिथेच करावी लागणार आहे. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डांवरच्या ई-मँडेटची, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापून घ्यायच्या मंजुरीची, चौकट घालून दिली. पुढे ती यूपीआयलाही लागू झाली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीने अमलात आली. या चौकटीत ग्राहकाच्या बाजूने बरंच काही आहे. मंजुरी नोंदवताना आणि पहिल्या व्यवहाराला पिन किंवा ओटीपी लागतो. नंतरच्या प्रत्येक कपातीच्या किमान चोवीस तास आधी बँकेने कळवायचं असतं : कुणाला, किती, कधी. ती कपात तिथल्या तिथे नाकारता आली पाहिजे. मंजुरी मागे घ्यायला शुल्क नाही. सुरुवातीला २००० रुपयांपर्यंतच पिनशिवाय कपात होत होती. मर्यादा ५००० वर गेली आणि जून २०२२ पासून बहुतेक व्यवहारांसाठी ती १५,००० आहे.

फट आहे ती पहिल्या व्यवहारात. मंजुरी आणि पहिला व्यवहार एकत्र झाला तर एकाच पिनवर दोन्ही भागतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विम्याचा हप्ता, मासिक बिल असं काही असणार, जिथे पहिला हप्ता आणि पुढचे हप्ते सारखेच. एक रुपयावाल्यांनी नेमकं तेच वापरलं. पहिला व्यवहार एक रुपयाचा केला की पिन त्यावर खर्ची पडतो, आणि खरी किंमत, ती ४९९ असो की १४,९९९, पिनशिवाय निघून जाते. ग्राहकाच्या बोटांनी मान्य केलेली रक्कम एक रुपया. कायद्याच्या दृष्टीने मान्य झालेली रक्कम मँडेटवर लिहिलेली कमाल. बदलत्या रकमेच्या मंजुरीत ही कमाल ग्राहकाने ठरवायची असते. प्रत्यक्षात ती कंपनीने आधीच भरून ठेवलेली असते आणि ग्राहक फक्त पुढे जातो.

चोवीस तास आधीचा मेसेज येतो, हे मी मान्य करतो. ताईंनाही आला होता. आम्ही शोधून काढला. तो इंग्रजीत होता, त्यात कंपनीचं नाव ॲपच्या नावाशी जुळत नव्हतं, आणि तो कर्जाच्या, लॉटरीच्या आणि केवायसीच्या मेसेजांच्या ढिगात पडला होता. रिझर्व्ह बँकेच्या त्याच परिपत्रकात ही सूचना स्पष्ट, निःसंदिग्ध आणि समजेल अशा भाषेत मिळावी, असं म्हटलेलं आहे. खातं उघडताना फॉर्म मराठीत मिळतो, एटीएम मराठीत बोलतं, मग पैसे जाणार असल्याचा निरोपच इंग्रजीत का? त्यात भर म्हणजे, अनोळखी मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका, हे आपण सगळेच लोकांना बजावत असतो. लोक ऐकतात. त्यामुळे खरी सूचनाही न उघडता पुसली जाते.

ऑटोपेच वाईट, असं माझं म्हणणं नाही. विजेचं बिल, एसआयपी, विम्याचा हप्ता यासाठी मी स्वतः तो वापरतो आणि गिऱ्हाइकांनाही लावून देतो. ज्याने विचार करून मंजुरी दिली त्याला दर महिन्याला पिन मागण्याची काही गरज नाही. पण फुकट चाखायला दिलेली गोष्ट आणि विकत घेतलेली गोष्ट यांच्यामध्ये ग्राहकाचा एक होकार असलाच पाहिजे, आणि तो किंमत समोर असताना दिलेला पाहिजे.

म्हणून माझी मुख्य मागणी एवढीच आहे. मोफत किंवा नाममात्र दराची मुदत संपली की सेवा आपोआप बंद पडावी. पुढे चालू ठेवायची असेल तर ग्राहकाने पूर्ण रक्कम बघून पुन्हा पिन टाकावा. न टाकल्यास त्याचा अर्थ ‘नको’ असाच धरला जावा. आज गप्प बसण्याचा अर्थ ‘हो’ धरला जातो, आणि सगळा धंदा त्या एका गृहीतकावर उभा आहे.

हे आपल्या एकट्या खात्याचं काम नाही, याची मला कल्पना आहे. पिनची अट रिझर्व्ह बँक बदलेल, यूपीआय चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन त्याचा पडदा बदलेल. पण ग्राहकाच्या वतीने त्यांच्याकडे मागणी कुणी करायची? ते खातं आपलं आहे. पिनच्या पडद्यावर ‘आज १ रुपया’ याच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत ‘अमुक तारखेपासून दरमहा ४९९ रुपये’ असं ग्राहकाने निवडलेल्या भाषेत यावं, एवढं जरी आपण त्यांच्याकडून करून घेतलंत, तरी माझ्या दुकानातल्या निम्म्या तक्रारी येणार नाहीत.

कंपन्या म्हणतील, दुसऱ्यांदा पिन मागितला तर ग्राहक गळतील. गळू देत. जो पिन टाकायला दहा सेकंद काढत नाही, त्याला ती सेवा नकोच होती. २०२१ मध्ये ई-मँडेटचा नियम लागू झाला तेव्हा कित्येकांची पेमेंट अडकली, आरडाओरडाही झाला, आणि काही दिवसांत सगळे रुळावर आले. ज्यांचा माल चांगला आहे त्यांचे वर्गणीदार आजही आहेत.

आता अंमलबजावणीविषयी. २८ मे २०२५ रोजी आपण स्वतः ई-कॉमर्स कंपन्यांची बैठक घेतलीत. त्यानंतर जूनमध्ये प्राधिकरणाने, तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून डार्क पॅटर्न काढून टाका, अशी सूचना कंपन्यांना दिली. नोव्हेंबरमध्ये २६ मोठ्या कंपन्यांनी आमच्याकडे असं काही नाही, अशी घोषणापत्रं दिल्याचं आपल्या खात्याने जाहीर केलं. आपण हा विषय हाती घेतलात याबद्दल मनापासून आभार. परंतु ती नावं बहुतेक खरेदीची, खाद्यपदार्थांची आणि प्रवासाची आहेत. एक रुपयावाली ॲप त्या बैठकीच्या खोलीत येतच नाहीत. त्यांचं नाव आज एक, उद्या दुसरं. शिवाय ज्याच्यावर संशय त्यानेच स्वतःला तपासून प्रमाणपत्र द्यायचं, ही पद्धत वजनमाप निरीक्षकाने किराणा दुकानात कधी चालवून घेतली नसती. आणि वैधमापन विभागही आपल्याच खात्यात आहे.

ग्राहकाला दाद मागायची सोय नाही, असं कुणी म्हणणार नाही. १९१५ ही हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, ऑनलाइन दाखल करता येतो. पण ४९९ रुपयांसाठी शिवणयंत्र बंद ठेवून सातारला कोण हेलपाटे घालणार? रक्कम मुद्दाम अशी ठेवलेली असते की चीड यावी, पण भांडण परवडू नये. एकट्याचं नुकसान छोटं आणि कंपनीची कमाई मोठी, अशा वेळी उपयोगी पडावं म्हणूनच २०१९ च्या कायद्याने केंद्रीय प्राधिकरण निर्माण केलं. सर्व ग्राहकांच्या वतीने चौकशी करायची, अनुचित प्रथा बंद करायचा आदेश द्यायचा, पैसे परत करायला लावायचे, हे अधिकार त्याला आहेत. आदेश मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोफत मुदतीच्या सापळ्याबाबत हे अधिकार वापरलेले आम्हाला दिसू देत. तक्रार फक्त एका ताईंची असली, तरी त्या ॲपने ज्यांचे ज्यांचे असे पैसे घेतले त्या सर्वांना परतावा, असा एक आदेश निघाला तर बाकीचे आपोआप वाकतील.

अमेरिकेत असं घडलं आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइम सदस्यत्व रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागतात, असं दाव्यात नमूद होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली आणि त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले. जर्मनीने तर १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार रद्द करायचं बटण वेबसाइटवर ठळकपणे ठेवणं बंधनकारकच केलं. आपल्याकडे यूपीआयसारखी व्यवस्था आहे, जिचा जगभर गौरव होतो. रद्द करायचं काम आपण त्यांच्यापेक्षा सोपं करू शकतो.

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ १९७० च्या दशकात उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबईत ग्राहक पंचायतीने घरोघरी रास्त भावात सामान पोचवलं. १९८६ चा कायदा येण्यामागे अशा कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. त्यांची लढाई भेसळीशी आणि खोट्या वजनाशी होती. आजच्या गिऱ्हाइकाच्या हातात वजनच दिसत नाही, फक्त फोन दिसतो. त्याच्या वतीने वजन बघणारं कुणीतरी सरकारी माणूस हवं.

तेव्हा विनंती अशी. मोफत मुदतीसाठी पेमेंटचा तपशील मागणाऱ्या ॲपची प्राधिकरणाने स्वतः, ग्राहक बनून, तपासणी करावी आणि नावं जाहीर करावीत. मुदत संपताना पुन्हा पिन मागण्याबाबत आणि सूचना मराठीसह सर्व भारतीय भाषांत देण्याबाबत रिझर्व्ह बँकेला आपल्या खात्याकडून लेखी प्रस्ताव जावा. तो प्रस्ताव आणि त्याचं उत्तर, दोन्ही लोकांसमोर ठेवावीत. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. त्याआधी हे झालं तर त्या दिवशीच्या भाषणात सांगण्यासारखं काही हाती असेल.

आणि तोवर, १९१५ वर अशा तक्रारीसाठी वेगळा पर्याय सुरू करावा. सध्या मी गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून तक्रार नोंदवून देतो, तेव्हा ती नेमक्या कुठल्या प्रकारात टाकायची, इथेच आम्ही अडतो.

आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक मोबाइल दुकानदार