मॉरिशसहून आईला: बाबांच्या जेवणाबद्दल

फ्लिक-आं-फ्लाक, मॉरिशस

ती. आईस,
सा. न.

फोनवर तू पहिलं विचारलंस ते बाबांच्या जेवणाचं. दिवाळीनंतर तुम्ही दोघं इथे यायचं म्हणताय, बाबा माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, मग परमुलखात त्यांनी खायचं काय? लेकीच्या आरडाओरड्यात तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून आता ती झोपल्यावर सविस्तर लिहिते.

आधी आमच्या हॉटेलाचं. एका रात्री तिथे भारतीय जेवण असतं. पनीर, नान, काळी डाळ, सगळ्यात साय आणि गोडवा, तिखट नावाला. बाबा ते जेवतील, उपाशी राहणार नाहीत, पण दोन घासांनंतर त्यांचं मन उडेल हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगते, जेवणासाठी हॉटेलावर अवलंबून राहू नका. इथल्या भारतीय वंशाच्या माणसांचं रोजचं खाणं रस्त्यावर, बाजारात, बसस्टँडपाशी मिळतं आणि ते फार चांगलं आहे.

त्यात पहिली डोल-पुरी. नाव पुरी असलं तरी ती तळत नाहीत, तव्यावर भाजतात. चण्याची नाहीतर पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवायची, पण गाळ होऊ द्यायचा नाही. बोटात दाबली की मोडावी इतपतच. पाणी निथळून ती कोरडी वाटायची, त्यात भाजल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घालायचं, मैद्याच्या गोळ्यात भरायची आणि इतकी पातळ लाटायची की आतली पिवळी डाळ वरून दिसते. गूळ अजिबात नाही. आणि आई, डाळीचं निथळलेलं पाणी ही मंडळी टाकत नाहीत, त्यातच पीठ मळतात! आपण येळवणीची आमटी करतो, इथे ती पोळीतच जिरते. पोळी गार झाली तरी मऊ राहते ती त्यामुळेच असावी. पुढच्या वेळी पराठे करताना तू हे करून बघच.

दोन डोल-पुऱ्या एकावर एक ठेवतात. त्यावर डबल बीची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय (म्हणजे दाट, मसालेदार रस्सा), चटणी आणि हवी तर हिरव्या मिरचीचा ठेचा. मग गुंडाळी करून कागदात हातात देतात. रोझ हिल गावातल्या डोल-पुरीचं नाव बेटभर आहे. सकाळीच जायचं, कारण दुपारनंतर बऱ्याच गाड्यांवरचा माल संपतो. लग्नाकार्यात हीच डोल-पुरी खिरीबरोबर वाढतात.

ही मूळची भोजपुरी मुलखातली दालपुरी. ती इथे कशी आली ते राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे मजूर उतरायचे त्या जुन्या धक्क्यावर, गेल्यावर कळतं. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी 1834 पासून करारावर मजूर आणायला सुरुवात केली, आणि 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची, पुष्कळ तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेली रत्नागिरी-साताऱ्याकडचीही. करारात शिधा ठरलेला असे: तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल किंवा तूप. बोटीतून उतरल्यावर ज्या 16 दगडी पायऱ्या ती माणसं चढली, त्या अजून आहेत. 2006 साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून घोषित केली. तिथे उभं राहिल्यावर मला त्या डाळीबद्दल फार आदर वाटला. मोजून मिळालेल्या शिध्यातून त्या बायकांनी घरची चव चार पिढ्यांपुढे पोचवली आहे. बाबांना तिथे आधी घेऊन जा, जेवण नंतर. मोठा बाजार तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे.

त्याच बाजारात भाजी घेताना एक मावशी भेटल्या. त्यांचे पणजोबा कोकणातले. घरात क्रिओल, म्हणजे इथली फ्रेंचवरून झालेली बोली, बोलतात, पण आरती सगळी पाठ. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं आणि शेवग्याच्या पाल्याची जुडी माझ्या हातात ठेवली. हा पाला इथे आठवड्याच्या भाजीत असतोच. दोडका, कारलं, भेंडी, अळू, सगळं मिळतं. त्यामुळे माझा सल्ला असा की समुद्रावरच्या हॉटेलाऐवजी कात्र बोर्नसारख्या गावात स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. बाजार जवळ, बस जवळ, आणि तुला हवं तेव्हा वरण-भात टाकता येईल. समुद्र काय, बेट लहान आहे, बसनेही जाता येतं.

सकाळच्या न्याहारीला गातो-पिमां. भिजवलेली डाळ भरड वाटून, मिरची, कोथिंबीर, पातीचा कांदा घालून तळलेले बारके वडे. लोणी लावलेल्या पावात घालून खातात. बाबांना हे नक्की आवडणार. उन्हात फिरून आल्यावर सब्जा घातलेलं थंड दूध मिळतं, अलूदा म्हणतात. तमिळ सणावारी केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण असतं, पूर्ण शाकाहारी. तेवढं मात्र आम्हाला अजून मिळालेलं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेव. फराटा, म्हणजे आपला पराठा, विकणाऱ्या गाड्यांवर कोंबडीचा रस्साही असतो आणि कधी पळी एकच. बाबांसाठी घेताना आधी विचारायचं आणि पळी बघायची. बिर्याणीच्या वाटेला जाऊच नका. तुझ्या एकादशीला रताळी, केळी आणि इथले लहान, फार गोड अननस आहेत. माहेबूरला 1870 पासून कसावाची बिस्किटं करतात. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तोच कंद, पण बिस्किटात आणखी काय काय असतं ते वाचून उपासाला चालतील का ते तूच ठरव.

भाजणी, मेतकूट थोडंसंच आण, बॅग त्यानेच भरू नकोस. तिकिटं काढायच्या आधी तारखा कळव, म्हणजे मी घरं बघायला लागते. बाबांना नमस्कार.

तुझी,
मंजू