टक् करून गप्प बसणारी गाडी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात गाडीच घोळते आहे. गॅरेजवाला म्हणाला नवी बॅटरी घाला, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवू. एवढ्यात पैसे मोजू नकोस. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' होतं, हेडलाइट मात्र लख्ख लागतात, आणि दोन-तीनदा फिरवल्यावर काहीच न झाल्यासारखी गाडी चालू होते, असं तू सांगितलंस. या खुणा मला बॅटरीच्या वाटत नाहीत. शिवाय गाडी मांडवीला समुद्रासमोर उघड्यावर उभी. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले महिने खारा वारा. खिडकीचे गज, दाराच्या कड्या यांची आपल्या किनाऱ्यावर काय गत होते ते तू लहानपणापासून बघतेस. गाडीतल्या तारांचे जोडही त्यातून सुटत नाहीत.

आधी आवाज नीट ऐक. सेल्फ जोमात फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. मग पेट्रोल आणि स्पार्क बघायचा. किल्ली नुसती ऑन केलीस की मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद बारीक घरघर यायला हवी. पावसात उंदीर बॉनेटखाली येऊन वायरी कुरतडतात, तेही बघ. टकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. तुझ्या गाडीचं एकच जाड 'टक्' म्हणजे सोलेनॉइड, सेल्फला वीज जोडून देणारा स्विच, काम करतोय, पण मोटर फिरवण्याइतका करंट तिच्यापर्यंत पोचत नाही. किंवा पोचतो आणि मोटरच आतून झिजली आहे. या दोहोंतलं नेमकं कोणतं, एवढंच शोधायचं आहे.

लाइट लागतात म्हणजे सगळं ठीक, असं मानू नकोस. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. सेल्फ लहान पेट्रोल गाडीतसुद्धा दीडशेच्या आसपास ओढतो. एखाद्या जोडावर गंज चढून नुसता ०.०२ ओहमचा अडथळा आला, तरी १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खाल्ले जातात. लाइटला तो अडथळा जाणवतही नाही, सेल्फ मात्र गप्प होतो.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी किल्लीला हात लावण्याआधी मीटरने मोज. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि आकडा कुठवर उतरतो ते बघ, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी खरंच थकली आहे, मग खुशाल बदल. इंजिन चालू झाल्यावर आपल्या गाडीला १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे नसले तर आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणारा भाग, बॅटरी भरत नाही, आणि नवी घातलीस तरी तीही बसेल.

हे आकडे बरोबर आले, तर अर्थिंगकडे वळ. माझा सगळा संशय तिथेच आहे. बॅटरीच्या मायनसवरून एक जाड तार बॉडीला आणि एक पट्टी इंजिनला जाते. मागच्या पावसाळ्यात वाडीतल्या एका गाडीची ती पट्टी मी हातात घेतली होती. वरून काळं आवरण धड, बोल्ट चकचकीत. सुरीने आवरण चिरलं तर आतली तांब्याची जाळी हिरवीगार, आणि चिमटीत धरताच तिचा भुगा पडला. तोवर त्या घरात नवी बॅटरी येऊन गेली होती. म्हणून नुसतं बघून ठरवू नकोस. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर धर, त्यावर आवळलेल्या तारेच्या क्लॅम्पवर नव्हे; दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर चोर सापडला. खात्री करायची असेल तर काळी जंपर केबल मायनसवरून थेट इंजिनच्या धातूला जोड आणि सेल्फ मार. झटक्यात फिरला तर पट्टी बदल. बॅटरीच्या मानाने तिला काहीच पैसे पडत नाहीत.

टर्मिनलही साफ करून घे. गाडी बंद, दहा नंबरचा पाना, आणि आधी मायनस काढायचा, मग प्लस. प्लस आधी काढायला गेलीस आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो. लावताना उलट, मायनस शेवटी. पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धू, फेस येईल तो फडक्याने पूस, तारेच्या ब्रशने खुंट चमकेपर्यंत घास, पुरतं सुकू दे, क्लॅम्प घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलिन लाव. चष्मा घाल. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ काडी-अगरबत्ती काही नको. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघायची युक्ती कुणी सांगितली तर मुळीच ऐकू नकोस. गाडीचा इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो.

तोवर सेल्फ एका दमात दहा सेकंदांवर धरू नकोस, मध्ये अर्धा मिनिट थांब. रोज उतारावर ढकलून चालू करणंही बरं नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

हे सगळं करून अर्थिंग नीट निघालं, तर प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत तसंच मोज. तिथेही अर्ध्या व्होल्टच्या आत आलं आणि तरी टक् होऊन थांबत असेल, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं. मग सेल्फ उतरवू दे, पण जुने कार्बन ब्रश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट तुझ्यासमोर काढून दाखवायला सांग.

माझा मीटर आणि तारेचा ब्रश उद्याच्या एसटीने पाठवतो. काळी वायर 'COM' लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्टच्या भोकात, बटण डीसी २० वर. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून बॅटरीला लावू नकोस, तो सरळ शॉर्ट होईल. आकडे कागदावर लिहून ठेव आणि रात्री फोनवर मला वाचून दाखव.

तुझे,
बाबा