पेटीतला दगड आणि पिशवीतला दगड

पनवेल

चि. केतकी हीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ, दगडाच्या आत पाणी तेलाला ढकलतानाचा, आईलाही दाखवला. तिने चष्मा वर करून विचारलं, "कुणाचे खडे हे? ऑपरेशन करायचंय का?" तिचं तरी काय चुकलं, यंत्राची जात तीच, सीटी स्कॅनची. चहूबाजूंनी एक्स-रे काढायचे आणि गणिताने आतला छेद उभा करायचा, ही ब्रिटिश अभियंता हाउन्सफील्डची युक्ती. 1971 मध्ये तुझ्या लंडनमध्येच तिने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावलं. तेलवाल्यांनी ती ऐंशीच्या दशकात उचलली आणि रुग्णाच्या जागी दगड ठेवला.

तुझ्या व्हिडिओतला, इंग्लंडमधल्या केटन गावचा चुनखडक मी फक्त फोटोत पाहिला होता. केंब्रिजच्या जुन्या इमारतींत लावलेला, साबुदाण्यासारख्या गोल दाण्यांचा. त्या दाण्यांमधल्या फटींतून तेल सरकताना दिसेल असं मला आमच्या काळात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पाण्यात आयोडाइड घातल्यामुळे ते उजळ दिसतं, नाहीतर तेल आणि पाणी दोन्ही सारखीच करडी दिसली असती, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. तांबडा-निळा रंग संगणकाने दिलाय, हे पाहणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत काय होतं? दीड इंच व्यासाचा प्लग, म्हणजे दगडाचा कापलेला गोल तुकडा, रबराच्या बाहीत बसवायचा, बाहेरून दाब द्यायचा, एका टोकाने तेल भरायचं आणि मग पाणी सोडायचं. दुसऱ्या टोकाला रेघा मारलेली काचेची नळी. तिच्यात तेल जमायचं, हळूहळू नुसतं पाणीच यायला लागायचं, की थांबायचं. भरलेल्यातून निघालेलं वजा केलं की आत उरलेलं तेल कळलं. कुठे उरलं, कसं उरलं, पत्ता नाही. तुझ्या व्हिडिओत तो पत्ता दिसतो. पाणी दाण्यांच्या कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्यातून पातळ होऊन पुढे जातं, अरुंद गळ्यापाशी फुगतं आणि तेलाची धार तिथे तुटते. तुटलेला थेंब मोठ्या पोकळीत अडकतो, आणि त्याला गळ्यातून ढकलून काढण्याइतका जोर नुसत्या पाण्याच्या रेट्यात नसतो. हे मी पुस्तकातल्या आकृतीवर विश्वास ठेवून वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. आता डोळ्यांनी पाहिलं.

पण केटनने आयुष्यात कधी तेल पाहिलेलं नाही. खाणीतून काढलेला स्वच्छ दगड, त्याला पाणी आवडणारच. मुंबई हायचा चुनखडक लाखो वर्षं क्रूडच्या सहवासात राहिलेला. क्रूडमधले जड घटक छिद्रांच्या भिंतींना चिकटतात आणि काही भिंती पाण्यापेक्षा तेलाला धरून बसतात. तिथे थेंब तुटून अडकण्याऐवजी तेल भिंतीवर थर होऊन राहतं आणि झिरपत झिरपत निघतं. आम्ही तर प्लग आला की आधी टोल्यूइन या द्रावकाने धुवायचो, दगडावरून उतरणारा काळपट द्राव नितळ होईपर्यंत. म्हणजे दगडाचा स्वभावच धुऊन टाकायचा! नंतर पुन्हा क्रूडमध्ये तापवत काही आठवडे ठेवून तो परत आणायचा. तुमच्याकडे हे करतात असं तू म्हणालीस, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

मला लिहायचंय ते त्या वाक्याबद्दल, जे तू फोनवर सहज बोलून गेलीस: "बाबा, अख्ख्या कोअरचा सीटी आता जुनाट झाला, त्यात पोअर दिसतच नाहीत." विहिरीतून कापून काढलेल्या दगडाच्या त्या लांब दांड्यात पोअर, म्हणजे बारीक छिद्रं, दिसत नाहीत हे खरं. पण तू ज्या पाच-सहा मिलिमीटरच्या काडीत पोअर बघतेस, ती काडी कुठून आली?

कोअर विहिरीतून वर आला की आम्ही तो धुऊन, तुकड्याला तुकडा जुळवून पेटीत मांडायचो. लांबीभर दोन रेघा, एक तांबडी, एक काळी. तांबडी उजवीकडे आली की समजायचं वरची बाजू वर आहे. अतिनील दिवा फिरवला की तेल असलेला भाग पिवळसर चमकायचा. सगळं देखणं. आणि पेटीत मध्येच रिकामी जागा, तिथे प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर खोली लिहिलेली आणि आत नुसता चुरा. चुनखडकात जिथे पाण्याने दगड विरघळवून पोकळ्या केल्यात, तोच भाग कोअर काढताना मोडतो. प्लग कापायला माणूस जातो तो अखंड दगडाकडे. पिशवीत कोण ड्रिल घालणार? मग अहवालात येते ती धडधाकट दगडाची पर्मिअबिलिटी, म्हणजे तो द्रव किती सहज वाहू देतो ते, आणि छिद्रं दाखवणाऱ्या तुझ्या मायक्रो-सीटीत येते त्या धडधाकट दगडाचीही सगळ्यात गुळगुळीत काडी.

आता मुंबई हायवर बघ. 1974 मध्ये सागर सम्राट या ड्रिलिंग रिगने तेल शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, ऐंशीच्या दशकात खाली पाणी दाबायला लागले. खडक थराथरांचा, मध्ये शेलच्या, म्हणजे चिकणमातीच्या खडकाच्या, पातळ पट्ट्या. दाबलेलं पाणी पोकळ्यांच्या थरातून धावत उत्पादन विहिरीत पोचतं, आणि शेजारच्या घट्ट थरातलं तेल जागच्या जागी. ते थेंब होऊन अडकलेलं नाही, पाणी त्याच्याकडे फिरकलंच नाही. जगभरातल्या तेलक्षेत्रांतून सरासरी एक तृतीयांशच्या आसपास तेल निघतं म्हणतात. उरलेल्यात हे दोन्ही प्रकार असतात आणि त्यांची औषधं वेगळी. अडकलेल्या थेंबाला साबणासारखं रसायन लागेल. पाणी न पोचलेल्या तेलाला नवी विहीर लागेल, नाहीतर पाण्याची वाट अडवावी लागेल. दुसऱ्या रोगावर पहिलं औषध ओतलं तर रसायन त्याच पोकळ्यांतून पैसे घेऊन पसार होणार.

म्हणून तुझ्या त्या जुनाट सीटीचं मोल. कोअर नळीतून बाहेर काढण्याआधी, आत असतानाच स्कॅन केला तर पोकळ्यांचा पट्टा आहे तिथे, आहे तसा दिसतो. पोअर नको दिसू देत. तुझी काडी त्या चित्रावर कुठे बसते एवढं कळलं, तरी तिचा आकडा किती लांबपर्यंत ताणायचा ते ठरवता येतं.

आणखी एक. करड्या छटांत दगड कुठे संपतो आणि पोकळी कुठे सुरू होते, ती रेघ कुणी ठरवली, हे दर चित्रासोबत लिहीत जा. गळा एका ठिपक्याने बुजला तर वाट बंद, आणि चुनखडकात तुझ्या ठिपक्याहून बारीक छिद्रं भरपूर. दोन जणांना वेगवेगळी रेघ ओढायला दे आणि काय फरक पडतो ते मला कळव.

पुढच्या वर्षी इथल्या खडकावर काम करायचं तुझे सर म्हणत असतील, तर अर्जात पेट्यांबरोबर पिशव्याही माग. देणारे आधी हसतील. चुऱ्यातला वाटाण्याएवढा खडासुद्धा तुझ्या यंत्रात बसतो, हे त्यांना सांग.

आई म्हणते थंडीचं जाकीट घे, सेलची वाट बघू नकोस.

तुझे,
बाबा