झडीत धबधब्याला निघालास म्हणून

चि. मयूर,
अनेक आशीर्वाद.

पहाटे तू निघशील तेव्हा मी वावरात असेन, म्हणून धबधब्याच्या वाटेवरच्या नाल्यांबद्दल लिहून ठेवतो.

हिमालयात बर्फाचं पाणी निदान वेळ पाळतं: पहाटे नाला उतरलेला, दुपारनंतर चढलेला. आपल्या मेळघाटात तसं नाही. खाली काळा पाषाण, त्यावर तीव्र उतार. चिखलदऱ्याच्या पठारावर तासभर जोराचा पाऊस झाला की खाली परतवाड्याला ऊन असलं तरी नाला भरतो. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना कमरेएवढं मिळतं, आणि पोट्टे पलीकडे अडकतात.

म्हणून ओलांडण्याआधी पाणी जिथे टेकतं तिथे काडी रोवा आणि 10 मिनिटं बसा. काडी दोन बोटं बुडाली तर माघारी. नितळ पाणी चहासारखं झालं, सागाची पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, तरी तेच. तळातून गोटे घासल्याचा गडगड आवाज आला तर पाय घालायचा विषयच नाही.

गुडघ्याच्या वर ओढीचं पाणी असेल तर उतरू नको. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गुडघ्याखाली असेल तर पात्र पसरट आहे तिथूनच जा. अरुंद जागा सोपी दिसते, पण पाणी तिथेच खोल. धबधब्याच्या तोंडाजवळून तर नाहीच. खांद्याएवढी बांबूची काठी वरच्या अंगाला टेकव, तोंड प्रवाहाकडे ठेव आणि आडवा सरक. काठी उचलली की दोन्ही पाय रोवलेले, पाय उचलला की काठी रोवलेली. बूट पायातच. बॅगेचा कमरपट्टा सोडून ठेव, पडलास तर ती टाकता आली पाहिजे. अंगाला दोर बांधायचं शहाणपण नको. ताणलेला दोर घसरलेल्याला पाण्याखाली दाबून धरतो.

डोहात उतरायचं नाही. फेसाळ पाण्यात हवा भरलेली असते, अंग नीट तरंगत नाही. शिवाय वरून लाकूड, दगड येतात. हिरवं शेवाळ तरी दिसतं, ओल्या काळ्या पाषाणावरचं दिसत नाही. चिखलदऱ्याजवळचा भीमकुंडाचा धबधबा कठड्यावरूनच बघा.

जीन्स नको, भिजली की जड होते. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात परवानगीशिवाय शिरू नका. जवळच्या गावात कुठे चाललो ते सांगून जा. वरच्या अंगाला काल किती पाऊस झाला हे तिथल्या कोरकू गुराख्याला मोबाईलपेक्षा बरं ठाऊक असतं. दुपारी 2 वाजता जिथे असाल तिथून फिरा, कारण धुकं उतरलं की पायवाट सापडत नाही.

गाडीचं सगळ्यात शेवटी लिहितो, कारण खरी भीती मला तिचीच आहे. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी घालू नको. गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की मधूनच वाहून गेला, हे काठावरून कळत नाही. पाऊस थांबला की लहान नाला दोन-चार तासांत उतरतो, तोवर अलीकडेच बसा. तुझ्या आईनं ठेचा-भाकर दोन वेळची बांधली आहे ती त्यासाठीच.

तुझे बाबा